चाकाला गिरकी घेऊ दे गं!

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा निरोप आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. ‘ताई, प्लस पाच घेऊ की मायनस सहा?’ अशीच सुरुवात केली होतीस. मला आधी वाटलं, चष्म्याचा नंबर विचारतेयस! मग खाली चाकांचे सात फोटो दिसले आणि हसू फुटलं. खरं सांगू का, चार वर्षांपूर्वी माझीही हीच गत झाली होती. जेवणाच्या टेबलावर रिमोटवर चालणारी नवी कोरी क्रॉलर, मोबाइलमध्ये चाकांचा नुसता बाजार, आणि डोक्यात प्लस-मायनसची खिचडी. आमचे हे तर म्हणाले होते, ‘एवढा विचार तू लग्नाचा शालू घेतानाही केला नव्हतास.’

तर आधी ते खरेदीचं पान बंद कर. हो, आत्ताच. कार्टमधलं सगळं काढून टाक, कुठं पळून जात नाही ते. चहा टाक, एक पोलादी पट्टी घे, जमलं तर व्हर्नियर घे, आणि गाडी समोर ठेवून बस. ज्या मुलीनं त्या गाडीचा गिअरबॉक्स एकटीनं उघडून परत जोडला, तिला हा प्लस-मायनसचा ऑफसेट काय जड आहे?

बघ, रिम म्हणजे एक आडवा डबा समज. त्या डब्याच्या पोटात कुठंतरी एक पडदा असतो, आणि गाडीच्या एक्सलवरचा सहाकोनी हेक्स त्या पडद्याला जाऊन टेकतो. आता डब्याच्या रुंदीचा बरोब्बर मध्य काढ. पडदा मध्यावरच असला तर ऑफसेट शून्य. पडदा मध्यापासून बाहेरच्या, म्हणजे दिसणाऱ्या बाजूला सरकलेला असला तर प्लस, आणि मग अख्खं चाक गाडीखाली आत जातं. पडदा आतल्या, म्हणजे गाडीकडच्या बाजूला असला तर मायनस, आणि चाक बाहेर येतं. उलटसुलट वाटतंय ना? मलाही वाटायचं. म्हणून मी एक युक्ती केली: प्लस म्हणजे पोटाशी, मायनस म्हणजे मोकळ्यावर. प-ला प, म-ला म. रस्त्यावरच्या मोठ्या मोटारींच्या रिमवर ‘ईटी’ लिहून पुढं आकडा असतो ना, तो हाच हिशोब.

आता दुकानदाराच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नकोस हं. कुणी हेक्स जिथं टेकतो त्या तळापासून मोजतं, कुणी हबच्या मागच्या कडेपासून, आणि क्वचित कुणी प्लसला मायनस म्हणून मोकळं होतं. म्हणून स्वतःच मोज. सोपं आहे. तुझ्या गाडीचं आत्ताचं एक चाक काढ आणि दर्शनी बाजू खाली करून पोळपाटावर पालथं ठेव. मागच्या कडेवर पट्टी आडवी टेकव आणि तिथून हेक्स बसतो त्या खळग्याच्या तळापर्यंतची खोली मोज. ती आली समज १८ मिलिमीटर. मग रिमची पूर्ण रुंदी मोज, कडेपासून कडेपर्यंत. ती आली २६. तिचं निम्मं १३. अठरातून तेरा गेले, राहिले पाच. झाला तुझा प्लस पाच! खोली १० भरली असती तर दहातून तेरा, म्हणजे मायनस तीन. दुधाचा हिशोब याहून अवघड असतो गं.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेव. प्लस पाचवरून मायनस तीनवर गेलीस तर चाक ८ मिलिमीटर बाहेर आलं, पण ते एका बाजूला. दोन्ही बाजू मिळून गाडी १६ मिलिमीटर रुंद झाली. ऑफसेटचा प्रत्येक मिलिमीटर दुप्पट होऊन अंगावर येतो.

मला हे कसं कळलं, ते विचार. अगं, अंगावर आलं तेव्हाच कळलं! पहिली चाकं मी फोटो बघून घेतली होती. काळी, चकचकीत, कडेला सोनेरी स्क्रू, आणि गाडी कशी, आखाड्यात मांड्या ठोकून उतरलेल्या पैलवानासारखी दिसत होती. मी तर अंगणातच दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी टेकडीवर खाणीजवळच्या काळ्या कातळावर नेली, डावीकडे वळवायला गेले, आणि टायर बंपरच्या कोपऱ्याला जाऊन अडकला. थोडी मागं घेतली, तर मडगार्डच्या मागच्या कडेला घासला. मी आपली हट्टानं स्टिअरिंग दाबून धरलेलं. पुढचा टायर एका कपारीत, चाकं वळवणारा सर्वो कण्हतोय, आणि मग तो वास आला... फोडणी करपल्यावर येतो ना, तसा. सर्वो गेला. चाकांच्या हौसेपायी सर्वोची भर.

नेमकं काय झालं होतं, ते सांगते. पुढचं चाक वळतं ते स्वतःच्या मध्यावर नाही. आत चाक धरणाऱ्या नकलमध्ये किंगपिन असते, तिच्याभोवती ते वळतं. टायरचा मध्य किंगपिनच्या जवळ असला, की चाक जागच्या जागी गिरकी घेतं. लांब असला, की ते किंगपिनभोवती प्रदक्षिणा घालायला लागतं, आणि प्रदक्षिणेला जागा लागते गं! मग ते पुढं बंपरला धडकतं, मागं मडगार्डला घासतं. शिवाय दगडानं टायरला ढकललं, की तो धक्का लांब दांड्यानं थेट सर्वोवर येतो. माझ्या गाडीत टायरचा मध्य किंगपिनपासून १५ मिलिमीटरवर होता, तो नव्या चाकांनी २३ वर गेला. म्हणजे त्याच दगडाचा जोर सर्वोला जवळजवळ दीडपट लागायला लागला. भरलेली कळशी कमरेवर घेऊन तू दोन मजले चढशील. तीच हात लांब करून धर बघू! एक्सलच्या बेअरिंगचीही तीच तक्रार असते, फक्त ती बिचारी बोलत नाहीत, हळूहळू खिळखिळी होतात.

मग म्हणशील, ताई, लोक मायनस घेतात तरी कशाला? उगीच नाही घेत. गाडी कातळाच्या कुशीवरून आडवी जाते ना, तेव्हा रुंदी कामी येते. रुंद बुडाचं पातेलं आणि अरुंद बुडाचा तांब्या यांत कोण आधी कलंडेल, हे तुला सांगायला नको. पण किती फरक पडतो, ते एकदा कागदावर मांडून बघ. समज, चाकांची टेकायची रुंदी २०० मिलिमीटर आणि गाडीचं वजन जिथं एकवटतं ती उंची ९० मिलिमीटर. अशी गाडी साधारण ४८ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. प्रत्येक चाक ८ मिलिमीटर बाहेर काढलं, रुंदी २१६ झाली, तर ५० अंश. कमावले किती? दोन. आता चाकांना हातच न लावता वजनाची जागा तेवढीच ८ मिलिमीटर खाली आणली, तर साडेपन्नास अंश! टायर दबतात, शॉक एका बाजूला बसतात, म्हणून प्रत्यक्षात आकडे इतके नेमके निघत नाहीत. पण तोल कुणीकडे झुकतो ते कळलं ना?

म्हणून माझं ऐक, आडव्या उतारावर गाडी कलंडते म्हणून लगेच रुंद चाकं मागवू नकोस. आधी बॅटरी खाली आणि पुढं बसव. छतावर ती ट्रंक, दोरी, इवलासा जेरीकॅन लावलायस ना, दिसतं गोड, पण ते उतरवून बघ. मग नकलवर किंवा चाकाच्या आत पितळी वजनं टाक. पितळ ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड असतं, त्यामुळे एवढ्याशा जागेत चांगलं वजन बसतं, आणि तेही अगदी तळाशी. आजीचा पितळी डबा माळ्यावरून काढताना माझे हात भरून यायचे तेव्हा मी कुरकुरायचे. आता पितळ दिसलं की डोळे चमकतात.

बरं, मग उलट टोकाला जाऊन चाक अगदी पोटाशी घ्यायचं का? तेही नको. मी तोही उद्योग करून बसलेय. सर्वो जळल्यावर सूड म्हणून मी इतकी आत जाणारी चाकं लावली, की गाडी पूर्ण वळवली तर टायर खालच्या लिंकला टेकायचा आणि शॉकच्या खालच्या टोकाला घासायचा. वळायला जागाच उरली नाही. खळ्यातल्या बैलागत मोठ्ठाली चक्करं मारत बसले. दिसायला मात्र गाडी अगदी खरीखुरी जीप. चाकं मडगार्डच्या आत नीट झाकलेली, सोज्वळ. हा दिसण्याचा मुद्दा क्षुल्लक नाही हं, कुणाला गाडी हुबेहूब हवी असते आणि तो आनंदही खरा आहे. फक्त आपण काय घेतोय आणि काय सोडतोय, ते ठाऊक असावं.

आणि हो, तुझा एक्सल सरळ आहे म्हणून तू सुटलीस. पुढं कधी पोर्टल एक्सलची गाडी घेतलीस, म्हणजे २०१७ मध्ये आलेली ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ किंवा ॲक्सिअलच्या एससीएक्स-१० थ्रीची पोर्टलवाली आवृत्ती, तर एक जास्तीची गोष्ट बघावी लागेल. त्यांच्या चाकाजवळ गिअरची एक छोटी पेटी असते, त्यामुळे एक्सल चाकाच्या मध्याच्या वर राहतो आणि पोटाखाली दगडाला जागा मिळते. मर्सिडीजच्या उनिमोग ट्रकची हीच करामत. पण ती पेटी रिमच्या पोटात मावायला हवी ना! तिथं ऑफसेटचा आकडा जुळला तरी रिम आतून पेटीला घासू शकतं. म्हणून पोर्टलवाल्या गाडीला चाक घेताना मागच्या बाजूचा फोटो मागायचा आणि आतली पोकळी विचारायची. लाजायचं नाही.

आता सगळ्यात कामाचं. पैसे खर्च करण्याआधीची परीक्षा. मला ही कुणी आधी सांगितली असती तर एक सर्वो आणि दोन जोड चाकं वाचली असती. चारही शॉकच्या स्प्रिंगा काढून ठेव, एका वाटीत ठेव, नाहीतर पलंगाखाली शोधत बसशील. मग बॉडी चढव, गाडी हातानं पूर्ण खाली दाब आणि स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत वळव. मग उजवीकडे. मग एक चाक पुस्तकांच्या चळतीवर चढवून, समोरचं तिरकं चाक खाली सोडून, परत दोन्हीकडे वळव. टायरच्या कडांना आधी पांढरा खडू फासून ठेवायचा. जिथं जिथं टायर लागेल, तिथं खडू उमटेल. बंपरवर उमटला, मडगार्डच्या बाहेरच्या कडेवर उमटला, तर चाक बाहेर जायला जागा नाही, झालं तर थोडं आतच घ्यावं लागेल. लिंकवर, शॉकवर उमटला, तर दोन-तीन मिलिमीटर बाहेर ने. कुठंच उमटला नाही? मग बाई, चाकांना हात लावायचं कारणच काय? त्या पैशात चांगले मऊ टायर घे. कातळावर पकड टायरच्या रबराची आणि आतल्या फोमची असते, ऑफसेटची नाही.

दोन्हीकडे उमटला, तर ऑफसेटचा दोष नाही, टायर मोठा झालाय. मग बॉडी थोडी उचल, नाहीतर मडगार्डची कड जराशी काप. मी कापताना हात सैल सोडला आणि मडगार्डला उंदरानं कुरतडल्यासारखं केलं. तू आधी मास्किंग टेप लावून पेन्सिलनं रेघ मार.

आता तुझा दुसरा प्रश्न: ‘नुसते जाड हेक्स लावून चाक बाहेर काढता येईल का?’ येईल. हेक्स आधीपेक्षा २ मिलिमीटर जास्त जाड घेतला, तर चाक २ मिलिमीटर बाहेर येतं. ऑफसेट तेवढाच कमी केल्यासारखं. चाचणीसाठी हा स्वस्तातला मार्ग आहे, मीही सांगते कर म्हणून. पण एक्सलचा आटा तेवढाच राहतो गं, तो काही वाढत नाही! नट पूर्ण बसला पाहिजे, आणि आटा नटाच्या नायलॉनच्या कड्यातून थोडा तरी बाहेर डोकावला पाहिजे. मी एकदा जाडजूड हेक्स लावले, नट कसाबसा दोन आट्यांवर बसला, आणि मला वाटलं, होतंय की! टेकडीच्या उतारावर डावं पुढचं चाक निघालं आणि सुटलं. ते काय थांबतंय? पायवाटेनं टणाटण उड्या मारत खाली. फिरायला आलेले एक काका ते घेऊन वर आले, धापा टाकत, आणि म्हणाले, ‘ताई, हे तुमचं का? आमच्या कुत्र्याच्या तोंडातून काढलंय.’ त्या चाकावर अजून दातांच्या खुणा आहेत. मी ते देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलंय, माज उतरवायला.

मग घ्यायचं काय, हेच ना? सांगते. तुझी गाडी १:१० मापाची, १.९ इंची चाकांची, १२ मिलिमीटरच्या हेक्सची. तिच्यासाठी हब बदलता येणारी चाकं घे. त्यांचं रिम तेच राहतं, मधला हब तेवढा काढून दुसरा बसवायचा. काही हबांवर ३५०, ४७५, ६०० असे आकडे असतात, ते बघून घाबरू नकोस. ते इंचाचे हजारावे भाग आहेत. दोन आकड्यांत १२५ चा फरक, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. आकडा मोठा, तेवढं चाक बाहेर. आत्ताच्या चाकांच्या जवळात जवळचा हब आधी लाव. पंधरा दिवस चालव. मग हवा तर एकच पायरी इकडे किंवा तिकडे. एकदम दोन पायऱ्या नाहीत. मीठ आपण चिमटीनं टाकतो, वाटीनं नाही.

आणि पुढची-मागची चाकं आत्ता सारखीच ठेव. पुढची किंचित बाहेर ठेवणारे आहेत, त्यांची कारणंही आहेत, पण ते चार महिन्यांनी. आधी तुझ्या हाताला गाडीची सवय होऊ दे. नवीन चाकांच्या कड्यांचे स्क्रू आवळताना समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे, सगळीकडून. करंजीची कड एकाच बाजूनं दाबली की दुसरीकडून सारण बाहेर येतं, तसाच टायर एका बाजूनं वर येतो आणि चाक डोलायला लागतं.

पुतण्याच्या त्या १:२४ च्या पिटुकलीसाठी यातलं काही मागवायला जाऊ नकोस. तिचा हेक्स ७ मिलिमीटरचा, चाक एक इंची. तिथं दोन मिलिमीटर म्हणजे केवढा तरी फरक. हिशोब तोच, चिमूट लहान.

आणि बघ, तू रात्री शेवटी लिहिलं होतंस ना, ‘मला यातलं काही कळत नाही, मी उगीच या नादी लागले’? ते पुसून टाक. त्या सात फोटोंतल्या चार चाकांखाली तू स्वतः प्रश्नचिन्ह टाकलं होतंस. मी बघितलं, नेमकी तीच चार तुझ्या बंपरला लागली असती. तुझ्या डोळ्यांना कळलंय गं, फक्त आकड्यात सांगता येत नव्हतं.

तर आता तीनच मापं मला पाठव: आत्ताच्या चाकाची मागची खोली, रिमची पूर्ण रुंदी, आणि टायरच्या मध्यापासून किंगपिनपर्यंतचं अंतर. शेवटचं अंदाजानं चालेल. आणि खडू उमटलेल्या गाडीचा फोटो. मग रविवारी सकाळी सहाला टेकडीवर ये, ऊन चढायच्या आत. कातळ तापला की आपल्याच पायांना चटके बसतात. माझ्याकडे दोन जादा हब आहेत, ते लावून बघू, फुकटात.

येताना पाण्याची बाटली आण, थोडे पोहे आण, आणि नटासाठी सात नंबरचा पाना विसरू नकोस. मागच्या रविवारी मी विसरले होते, आणि आमच्या ह्यांना स्कूटरवरून परत घरी पिटाळावं लागलं. अजून ऐकवतात.